उपाशी वाफे

कोयत्यानं आणखी एक ऊस उभा चिरला. पेर न् पेर उलगडून बघितलं. आत पांढरंशुभ्र, रसानं टच्च भरलेलं. भोक नाही, भुस्सा नाही, किड्यानं पोखरल्याची लाल रेघ नाही. तो ऊस बांधावर फेकला आणि पुढच्याला हात घातला.

“आगं, जरा दमानं,” बांधावर बसलेले हिंदुरावमामा म्हणाले. “सगळा ऊस चिरून टाकलास तर कारखान्याला काय घालू? झालंय तरी काय?”

“किडा नाही, मामा.”

“मग ब्येस झालं की.”

कोयता हातातून गळाला आणि मी तिथंच सरीत बसले. उसात किडा नाही म्हणून रडकुंडीला आलेली बाई अख्ख्या गडहिंग्लज तालुक्यात मी एकटीच असणार. सकाळी शेताकडं येताना मी भैरोबाच्या देवळापुढं थांबून नवससुद्धा बोलले होते: देवा, किडा दिसू दे, नारळ फोडते. देवालाही कोडं पडलं असेल, ही बाई शेतकऱ्याच्या बाजूची की किड्याच्या.

हे सगळं उलगडून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही मला खुळीच म्हणाल. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात पीएच.डी. करत होते. विषय होता, उसाला सिलिकॉन खायला घालून कांडीकिड्याला रोखायचं. सिलिकॉन म्हणजे काही परदेशी औषध नव्हे. उसाचं पान हाताला कापतं ना, ती धार त्याचीच. पिकाला ते पोटभर मिळालं की कांडीची साल टणक होते, अळीला आत शिरायला जबडे झिजवावे लागतात आणि पुष्कळशा अळ्या दारातच दमून मरतात. कारखान्याच्या बॉयलरमधून निघणाऱ्या राखेत ते असतं. राख कुणीही ट्रॉली भरून नेतं. एवढं सिद्ध झालं असतं तर किती जणांची विषाची फवारणी वाचली असती.

पण सिद्ध करायचं तर तुलना हवी. म्हणून हिंदुरावमामांच्या शेतात मी सारखे वाफे पाडले होते; नात्यानं ते माझे कुणी नव्हते, प्रयोगाला जागा दिली एवढंच. बेणं एक, पाणी एक, खत एक. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या वाफ्यांना राख घातली, अर्ध्यांना नाही. न घातलेल्यांना आम्ही शिकलेली माणसं ‘कंट्रोल’ म्हणतो. मामांच्या बायकोनं, हौसामामीनं, चिठ्ठ्या टाकल्या त्याच दिवशी त्यांचं बारसं करून टाकलं. ती म्हणाली, “हे तुझं उपाशी वाफे.” आणि तेच नाव गावभर झालं.

उपाशी वाफ्यांत किडा भरपूर दिसायला हवा होता आणि राखेच्या वाफ्यांत कमी. तो फरक म्हणजे माझी पदवी. फरक नाही तर काही नाही. आधीच्या वर्षी दुसऱ्या गावातला प्रयोग शेजाऱ्यानं पेटवलेल्या पाचटात जळून गेला होता, त्याच्या आधीचा पुरात कुजला होता. हा शेवटचा. विद्यावेतन संपत आलेलं, नोंदणीची मुदतही संपत आलेली, आणि परवा माझे मार्गदर्शक नेर्लेकर सर पाहणीला येणार होते.

पदवी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर निपाणी. निपाणीला माझा भाऊ. लग्न वर्षाच्या आत मोडलं तेव्हा मी त्याच्याच घरी परत गेले होते, आणि तिथून निघायला मला ही एकच वाट सापडली होती. 

त्या घराबद्दल मी कधी कुणाशी बोलले नव्हते. एकदाच बोलले, आणि तेही मामीशी.

ती लागणीच्या दिवसाची गोष्ट. बेणं लावून झालं आणि सगळे जेवायला मामांच्या वस्तीवर अंगणात ओळीनं बसले. मामा, लागण करायला आलेल्या बायका, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, शेवटी मी. मामी तुपाचं भांडं घेऊन वाढत आली. ठेंगणी, काळीसावळी, वाढताना हात न आखडणारी बाई. ड्रायव्हरच्या भातावरही तिनं तीच पळी, तेवढीच भरून ओतली. माझ्यापाशी आली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

“मला नको मामी.”

“का गं? उपास हाय?”

“सवय नाही.”

तिनं पळी भांड्यात परत ठेवली. नंतर मोरीवर भांडी घासायला मी तिच्याजवळ बसले तेव्हा तिनं विचारलं, “तुपाची सवय नसायला काय झालं? तुमच्यात काय म्हशी नसत्यात?”

का कोण जाणे, मी सांगून टाकलं. “भावाकडं सगळी एका ओळीत जेवायला बसतात. वहिनी तूप वाढत येते. माझ्या ताटापाशी आली की तिचा हात तसाच पुढं जातो. बोलत कधी काही नाही. मला तिथं कुणी उपाशी ठेवलं असं नाही हं मामी, भाकरी मिळायची, आमटी मिळायची. पण तो हात ताटावरून पुढं जायचा ना, तेव्हा वाटायचं, आपण इथं बसलोय हेच कुणाला दिसत नाही. मग मीच सवय मोडून टाकली.”

मामी ताट राखेनं घाशीत राहिली. तिनं ते इतका वेळ घासलं की पितळ तापलं असेल.

“पंक्तिप्रपंच,” ती शेवटी म्हणाली. “त्येच्याएवढं पाप न्हाई बग. एका पंगतीत बसवायचं, आन एकाला वाढायचं न् एकाला न्हाई. त्यापरीस माणसाला सरळ दारातनं हाकलावं.”

त्या दिवसापासून मी शेतावर असेन तेव्हा मामी माझ्या ताटात तूप वाढायची आणि मी हात आडवा धरत नव्हते. मला तर ती गोष्ट तिथंच संपली असं वाटलं होतं.

तर मी सरीत बसलेली, आजूबाजूला चिरलेला ऊस, आणि एकाही कांडीत नाव घ्यायला किडा नाही. राखेच्या वाफ्यांत नव्हता ते ठीक. उपाशी वाफ्यांतही नव्हता. बांधापलीकडं भैरू चौगुल्याचा ऊस मात्र चाळणी झाला होता. म्हणजे किडा गावात होता, बांधापर्यंत आला होता, आणि माझ्याच शेतात शिरायला त्याला काय झालं होतं कळत नव्हतं.

“मुळात काय बिघडलंय का बघू,” म्हणून मी खुरपं घेतलं आणि उपाशी वाफ्यातल्या उसाच्या एका बेटाची, एका झुबक्याची, माती उकरली. वरची माती काळी. खाली बोटभर गेले आणि खुरप्याला करडं लागलं. मी ते चिमटीत घेऊन चोळलं. मऊ, हलकं, बोटांना चिकटणारं. मी राखेत वर्षानुवर्षं हात घातलेले. मला कुणी सांगायला नको होतं.

दुसरा वाफा उकरला. राख. तिसरा उकरला. राख. सगळ्या उपाशी वाफ्यांत, प्रत्येक बेटाच्या बुडाशी, कुणीतरी बसून निगुतीनं घातलेली राख.

“मामा,” मी म्हणाले, “इथं राख कुणी घातली?”

मामा उठून आले, वाकून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. “आईच्यान, मी न्हाई. भैरूनं खोडी काढली म्हणावं तर त्यो सोताच्या उसाला पाणी पाजत न्हाई वेळंवर, दुसऱ्याच्या उसाला राख कशाला घालतोय?”

तेवढ्यात मामी ताकाची चरवी घेऊन आली. मी खड्ड्याकडं बोट दाखवलं. तिनं बघितलं, चरवी बांधावर नीट टेकवली, आणि साखर घातली का विचारल्यावर सांगावं तसं म्हणाली, “मीच घातली की.”

मी खुरपं खाली ठेवलं.

“कधी?”

“आखाडात, मुळांस्नी मातीची भर लावल्यावर. आन परत गौरीच्या आधी. ढिगातली उरलेलीवती ती घातली. कमी पडली तवा चुलीतली.”

“मी सांगितलं होतं ना मामी, या वाफ्यांना हात लावायचा नाही?”

“सांगितलंवतंस. म्या बी लई दिस न्हाई लावला. पर रोज हितनंच जायचं. ह्यो वाफा ताठ उभा, शेजारचा मान टाकून. एका पाटाचं पाणी पित्यात, एका वळीत उभी हायत. चिठ्ठी टाकून कुणी जेवाय वाढतं व्हय? मला बघवंना.”

“ऊस आहे तो. माणूस नाही.”

“व्हय,” मामी म्हणाली. “पर तूच सांगितलंस न्हवं, हात ताटावरनं पुढं जातोय तवा कसं वाटतंय त्ये.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या दुखण्यातून सुटायला मी इतकी वर्षं उन्हातान्हात राबले, तेच दुखणं मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं, आणि त्यानंच माझं सगळं मातीत घातलं होतं. यात रागावायचं कुणावर? समोर मामी होती. मी मामीवर रागावले.

“तुम्ही पुण्य मिळवलंत मामी. आता मी परत जाऊन त्याच ओळीत बसते. वहिनीचा हात परत पुढं जाईल, आणि मी मरेपर्यंत बघत राहीन. उसाला जेवू घातलंत आणि मला उपाशी मारलंत.”

“रेवा,” मामा म्हणाले. एवढंच.

मामीनं तोंडाला पदर लावला. मी तशीच चालत सुटले आणि वरच्या अंगाला मामांची विहीर होती तिथं जाऊन काठावर बसले. मला जीव द्यायचा होता असं मी म्हणणार नाही. पण तिथून उठून पुढं कुठं जायचं हे काही सुचत नव्हतं. खाली पाणी हिरवं, स्थिर. निपाणीच्या एस.टी.त बसायचं, दादाच्या दारात पिशवी ठेवायची, वहिनी म्हणणार, आलात का, झालं का शिक्षण. पुन:पुन्हा मला तेवढंच दिसत होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागं चाहूल लागली. मामी येऊन बसली, माझ्या ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं. ऊन कलायला लागलं तरी मूठ सोडली नाही.

“चुकलं माझं,” ती शेवटी म्हणाली. “काय केलं म्हंजी निस्तरंल?”

“काही केलं तरी निस्तरणार नाही.”

“तुझ्या सायबाला मी सांगती. माजं नाव सांगती. पाय धरती त्येंचं.”

“पाय धरून उसात किडा पडत नाही मामी.”

तिनं मान हलवली. मग आम्ही दोघी उठलो, कारण म्हशीची धार काढायची वेळ झाली होती.

नेर्लेकर सर ठरल्याप्रमाणं आले. उंच, कोरडे, मोजकं बोलणारे, सगळ्यांना आडनावानं हाक मारणारे. विद्यार्थी त्यांना चळाचळा कापायचे आणि मी त्यांत पहिली. मी तोंड उघडायच्या आत मामी पदर खोचून त्यांच्यापुढं उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. आखाडातलं, गौरीतलं, चुलीतल्या राखेचंसुद्धा. सरांनी खाली बसून माती उकरली, चिमटीत घेऊन बघितली, रुमालानं बोटं पुसली.

“किती घातलीत?”

“जेवाय वाढताना मापून कोण वाढतंय?” मामी म्हणाली.

सरांनी रुमालाची घडी करून खिशात घातली. मला ते सहन होईना. “सर, बांधापलीकडचा ऊस बघा. पार पोखरलाय. आणि इथं, राख मिळालेल्या प्रत्येक वाफ्यात, एक भोक नाही. हा फरक नाही का? आपल्याला माहीत आहे ना सर, राखेनंच झालंय ते?”

“त्याची जात वेगळी, पाणी वेगळं, लागण वेगळी. आपल्याला माहीत असेल, कासार. पण माहीत असणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. हे मी पुढं पाठवू शकत नाही.”

“मग मी संपले, सर.”

माझ्या तोंडून हे निघालं आणि मी सरांसमोर, मामांसमोर हमसून रडायला लागले. सर दुसरीकडं बघत राहिले. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नसावं. मग घसा खाकरून म्हणाले, “एक वर्षाची मुदतवाढ मी मागून घेईन. विद्यावेतन मिळणार नाही. नवीन शेत लागेल, ज्यात राख कधी पडलेली नाही असं, आणि लागण महिन्याभरात व्हायला हवी. शेत कोण देणार? तू राहणार कुठं?”

“हिरीवरची पट्टी हाय की,” मामा म्हणाले. “हरभरा काढला की मोकळीच. आन ऱ्हायाचं काय, हितंच ऱ्हाईल. एका माणसाची भाकरी काय जड हाय?”

सरांनी मामांकडं बघितलं आणि मग मामीकडं. मीही बघितलं. मामांनी शेत दिलं तरी उपयोग नव्हता. रोज त्या पट्टीवरून मामीच जाणार होती. माझं सगळं आयुष्य त्या बाईच्या तोंडातून निघणाऱ्या एका शब्दावर अडकलं होतं.

“परत उपाशी ठेवायची?” मामीनं मला विचारलं.

“हो.”

“वरीसभर?”

“हो.”

“आन किडं लागलं तर?”

“लागायलाच हवेत मामी. ते लागले नाहीत तर माझं काही खरं नाही.”

तिनं खाली मातीकडं बघितलं. एकदा वाटलं, ही आता नाही म्हणणार. मग तिनं ताकाची रिकामी चरवी उचलली. “न्हाई हात लावायची,” ती म्हणाली, आणि वळून घरात गेली.

ते वर्ष मी मामांच्या घरात काढलं. म्हशींची शेणघाण काढली, भाकऱ्या थापल्या, आणि जिवाला घोर लावून तो ऊस वाढताना बघितला. खोटं कशाला बोलू, मामीवर माझा विश्वास नव्हता. ती गावात गेली की मी चोरासारखी पट्टीवर जायचे आणि खुरप्यानं मुळं उकरायचे. राख नसायची. तरी दुसऱ्या आठवड्याला पुन्हा जायचे. मामी तर त्या वाटेनं जाणंच टाळायची. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन वळसा घालून ओढ्याकडनं यायची. मामा म्हणायचे, “सरळ वाट सोडून असला द्राविडी प्राणायाम कशाला गं?” ती घागर उतरवून चुलीकडं वळायची.

जेवताना ती आम्हाला वाढायची. माझ्या भातावर पळी भरून तूप पडायचं, मामांच्या पडायचं. ती स्वतः आमचं झाल्यावर, चुलीपाशी, आमच्याकडं पाठ करून जेवायची. पहिल्यापासून तिची तीच रीत, त्यामुळं माझ्या काही लक्षात आलं नाही.

गौरीचे दिवस आले. घरात पुरणाचा घाट घातला होता. मी पट्टीत पानं मोजत होते आणि उसातून मला दिसलं, मामी बुट्टी घेऊन येतेय. बुट्टीत राख. ती थेट उपाशी वाफ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. वाफा तेव्हा खरंच बघवत नव्हता. पानं ढिली, कुठं कुठं शेंडा वाळलेला. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. ती राख पडली असती तर मला जगात कुठंच थारा नव्हता, आणि मी हललेसुद्धा नाही. बघत राहिले. मामीनं बुट्टी कमरेवरून खाली घेतली. वाकली. एका बेटाचं पान हातात धरून तिनं ते नुसतं सरळ केलं. मग बुट्टी उचलली, उकिरड्यावर जाऊन रिकामी केली आणि राखेचे हात पदराला पुसत घराकडं गेली. मी तिथंच, उसातच, खाली बसले. त्या दिवसानंतर मी मुळं उकरली नाहीत.

मोजणीच्या दिवशी सर मुद्दाम आले. मी राखेच्या वाफ्यातला ऊस चिरला, स्वच्छ. दुसरा, स्वच्छ. एखादं भोक, तेही सालीतच अडलेलं. मग उपाशी वाफ्यात शिरले. पहिलाच ऊस चिरला आणि आतून भुस्सा सांडला. लाल, आंबूस वासाचा, कांडीमागून कांडी पोखरलेली, आणि मध्ये गुबगुबीत अळी वळवळत होती. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. मी वेड्यासारखी हसत होते, अळी तळहातावर घेऊन सरांना दाखवत होते. भैरोबाला मी त्या दिवशी एका नारळावर दुसरा फोडला.

सर वाफ्यामागून वाफा बघत गेले. शेवटच्या वाफ्यापाशी थांबून म्हणाले, “लिहायला बस, कासार.” त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती. मी वळले, मामीला सांगायला.

मामी बांधावर बसली होती. तिनं माझ्या चिरलेल्या उसातला एक तुकडा उचलून मांडीवर घेतला होता, आणि त्यातला भुस्सा ती करंगळीनं हळूहळू काढत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. पुसत नव्हती. मी जवळ गेले तर म्हणाली, “तुझं झालं न्हवं?”

“झालं मामी.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं, रडत असतानासुद्धा.

दुपारी अंगणात पंगत बसली. सर, मामा, ऊस तोडायला मदतीला आलेली दोन माणसं, मी. मामीनं सगळ्यांना तूप वाढलं. मामा म्हणाले, “आज तू बी बस की आमच्यात. आन आता तरी घे बाई तूप.”

“आता तरी म्हणजे?” मी विचारलं.

मामीनं मामांकडं डोळे वटारले, पण मामांना आता कुणाचं ऐकायचं नव्हतं. “हिरीवरची लागण झाली त्या दिसापास्नं तिनं ताटात तूप घेतलेलं न्हाई. दिवाळीला न्हाई, गौरीला न्हाई. म्या लई सांगून बघितलं. म्हणती, त्या वाफ्यांस्नी उपाशी ठेवून मी कशी खाऊ. त्येंला न्हाई तर मला बी न्हाई.”

सरांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

 वर्षभर ती पळी माझ्या भातावर उपडी होत होती आणि मी खात होते, मजेत, पाठ करून बसलेल्या बाईच्या घरात. मी उठले, तिच्या हातातून तुपाचं भांडं घेतलं आणि तिला ओळीत बसवलं. तिच्या भातावर पळी धरली.

मामीनं ताटावर हात आडवा धरला. “आदी त्येंला,” ती पट्टीकडं बघत म्हणाली.

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, “मोजणी झालीय. आता हरकत नाही.”

मी भांडं खाली ठेवलं. राखेचा ढीग गोठ्यामागं होता. बुट्ट्या भरून भरून मी पट्टीवर नेल्या आणि उपाशी वाफ्यांतल्या एकेका बेटाच्या बुडाशी ओंजळीनं राख घातली. ऊस तोडणीला आलेला. त्या राखेचा त्याला आता काडीइतका उपयोग नव्हता. पुढच्या खोडव्याला, त्याच बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला, झाला तर झाला. हे मला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं. तरी एकही बेट मी सोडलं नाही. घामानं अंग भिजलं, राख डोळ्यांत गेली, हातांवर पानांचे ओरखडे उठले.

परत आले तेव्हा भात गार झाला होता. मधल्या वेळात कुणीही ताटाला हात लावला नव्हता, सरांनीसुद्धा. मी हातपाय धुतले, भांडं घेतलं आणि ओळीच्या पहिल्या ताटापासून पुन्हा वाढायला लागले. शेवटच्या ताटापाशी पोचले तेव्हा मामीनं ताटावरचा हात काढून घेतला होता.